खुर्द्याची गणती

आमचं युद्ध रात्री सव्वाअकराला सुरू व्हायचं. त्यात डावपेच काही नव्हता. त्या वेळी संगणक मोकळा असायचा, एवढंच. दिवसभर त्याच्यावर दुसऱ्या विभागांची कामं चालायची, पगारपत्रकंसुद्धा. रात्री आमचा नंबर. मी फोर्ट्रानमधला प्रोग्रॅम लावायची, रजिस्टरात सही करायची आणि घरी जाऊन झोपायची. सकाळी नऊला येऊन बघावं, तर तेच युद्ध तीनशे वेळा लढून झालेलं असायचं. त्यातल्या दोनशे अकरा वेळा निळे जिंकलेले, सत्तर वेळा लाल, आणि उरलेल्या एकोणीस वेळा दोघंही इतके खिळखिळे झालेले की कोण जिंकलं म्हणायचं हे ठरवायला वेगळी मीटिंग. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला. त्यावर चहाचा कप ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद होती, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कपाचं एक तरी वर्तुळ उमटलेलं असायचंच.

अशी तेहेतीस वर्षं मी दिल्लीत काढली. कुठल्या कार्यालयात, कुठल्या लढाईसाठी, उत्तर काय निघालं, यातलं काही सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. पण या धंद्याच्या पद्धती उघड आहेत, जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. तेवढ्याबद्दल बोलता येतं. आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, ‘ती तोफांचे हिशेब करते.’ आधी मी तिला दुरुस्त करायची. ‘ऑपरेशन्स रिसर्च गं आई, सिम्युलेशन. लढाई आधी संगणकात लढून बघायची.’ मग सोडून दिलं. तिचंच बरोबर होतं.

तोफा तशा मला नव्या नव्हत्या. आमचं गाव नाशिककडे, देवळालीच्या बाजूला, सरावाच्या रानाला लागून. देवळाली म्हणजे तोफखान्याचं माहेरघर. लहानपणी सकाळी दहाच्या सुमाराला फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायला लागली, की आजी गुरं पश्चिमेच्या अंगाला वळवायची. लाल बावटा वर असला की तिकडे जायचं नाही, हे आम्हाला बाराखडीच्या आधी कळलं. आजीबद्दल पुढे सांगते.

पुणे विद्यापीठात संख्याशास्त्रात एम. एस्सी. करताना अब्राहम वाल्ड हे नाव परीक्षेत हमखास यायचं. त्याची क्रमिक चाचणी आम्ही फळ्यावर सिद्ध करायचो. ती मुळात दारूगोळा तपासताना किती नमुने घेतले म्हणजे पुरे, या प्रश्नातून आली, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी विशीत काय फरक पडला असता म्हणा. वाल्ड आता रुमानियात असलेल्या क्लूज शहराचा, जन्म १९०२. नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेला गेला आणि कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात युद्धाची गणितं सोडवू लागला. मागे राहिलेलं त्याचं कुटुंब, एक भाऊ सोडला तर, छळछावणीत संपलं.

त्याची विमानांची गोष्ट आता व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन महिन्यांनी येते. परतलेल्या बाँबर विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून तिथे चिलखत जाड करूया, असं सैन्याला वाटत होतं. वाल्डने उलटं सांगितलं. भोकं पडूनही ही विमानं परत आली, म्हणजे तिथली भोकं सोसवतात. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे चिलखत लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं तुमच्यासमोर नाहीतच. सोबत लाल ठिपक्यांचं विमान असतं. ते चित्र वाल्डचं नाही, फार नंतरचं आहे. त्याची १९४३ ची टिपणं संभाव्यतेच्या सूत्रांनी भरलेली आणि वाचायला अगदी कोरडी आहेत. पण गाभा तोच. समोर नसलेल्या ओळी मोजायच्या.

डिसेंबर १९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला तो बायकोला घेऊन आपल्याकडे आला होता. त्यांचं विमान निलगिरीच्या डोंगरावर आदळलं. दोघंही गेली. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, ग्रंथालयातल्या एका जुन्या नियतकालिकातल्या मृत्युलेखात. त्या दिवशी मी काही काम केलं नाही.

युद्धाचं मॉडेल म्हणजे काय, ते सांगायला मला सारीपाट पुरतो. पट म्हणजे जमीन, सोंगट्या म्हणजे तुकड्या, फासे म्हणजे नशीब. प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांनी हेच केलं. बापाने मांडणी केली, मुलाने १८२४ मध्ये ती सेनाधिकाऱ्यांपुढे ठेवली. खऱ्या प्रमाणातला नकाशा, निळे आणि लाल ठोकळे, फासे, आणि मधे बसलेला पंच. निळे-लाल तेव्हापासून चालत आले आहेत. आमच्या संगणकात ठोकळ्यांच्या जागी ओळी आल्या आणि फाशांच्या जागी यादृच्छिक आकडे. रणगाडा दिसेल का, दिसला तर गोळा लागेल का, लागला तर तो निकामी होईल का, या प्रत्येक ठिकाणी एक संभाव्यता आणि फाशाचं एक दान. एकदा खेळून काही कळत नाही, म्हणून तीनशे वेळा.

फासे न टाकताही काही कळतं. इंग्लंडमध्ये मोटारी बनवणारा लँचेस्टर नावाचा इंजिनिअर होता. त्याने १९१६ च्या पुस्तकात लांबून मारा करणाऱ्या शस्त्रांचा हिशेब मांडला, की अशा लढाईत ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. समजा, एका बाजूला शंभर बंदुका, दुसऱ्या बाजूला साठ, नेमबाजी सारखीच. साठवाले पूर्ण संपतात तेव्हा शंभरातले उरतात किती? घाईत कोणीही चाळीस म्हणेल. उत्तर ऐंशी आहे. शंभराच्या वर्गातून साठाचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा. आणि तेच साठ तीस-तीसच्या दोन तुकड्यांत वेगवेगळे गाठले, तर शंभरातले नव्वद उरतात. ‘फोडा आणि झोडा’ आपण इंग्रजांच्या नावे शाळेत शिकलो, पण त्याच्यामागे वर्गमूळ आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी झालेला आनंद आठवला की आज थोडं ओशाळल्यासारखं होतं. वजाबाकीत गेलेली साठ ही माणसं होती, आणि मी वर्गमुळावर खूश होते.

खरं तर आमच्या धंद्याचा मूळ पुरुष मानायचा तो पॅट्रिक ब्लॅकेट. पहिल्या महायुद्धात आरमारात लढलेला, नंतर भौतिकशास्त्रज्ञ, १९४८ चा नोबेल विजेता. दुसऱ्या महायुद्धात त्याने शास्त्रज्ञांची एक टोळी जमवली. तिला लोक ‘ब्लॅकेटची सर्कस’ म्हणायचे. विमानविरोधी तोफा एक विमान पाडायला वीसेक हजार गोळे उडवत होत्या. रडार आणि तोफेची सांगड सुधारता सुधारता वर्षभरात ते चार हजारांवर आलं.

पण मला त्यांच्या कामातलं सगळ्यात आवडतं ते पाणसुरुंगांचं. विमानातून जर्मन पाणबुडीवर सुरुंग टाकायचे, ते शंभर फूट खोलीवर फुटायला लावलेले असत. कारण साधं होतं. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते, आणि विमान डोक्यावर येईपर्यंत सरासरी तेवढी खाली गेलेली असते. सरासरी बरोबरच होती. या टोळीतल्या ई. जे. विल्यम्सने विचारलं, की शंभर फूट खाली गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला ठाऊक असतं का? नसतं. ती वळलेली असते, पुढे गेलेली असते. तिथे सुरुंग योग्य खोलीवर फुटला तरी जागा चुकणारच. जी हाती लागू शकते ती वरच असलेली, अजून बुडी मारत असलेली. मग सुरुंग तिच्यासाठी लावा, पंचवीस फुटांवर. यंत्र तेच, विमान तेच, वैमानिक तेच. फक्त एक आकडा बदलला, आणि बुडणाऱ्या पाणबुड्या इतक्या वाढल्या की इंग्रजांनी नवं जबर स्फोटक काढलंय अशी जर्मनांची समजूत झाली.

नव्याने येणाऱ्या पोरांना मी हीच गोष्ट सांगायची. सरासरी काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. कोणाची सरासरी, हे विचारायला माणूस लागतो.

हाच ब्लॅकेट १९४७ मध्ये विज्ञान परिषदेसाठी दिल्लीत आला आणि त्याची नेहरूंशी गाठ पडली. पुढे त्यांच्या सांगण्यावरून त्याने भारताच्या संरक्षण-विज्ञानावर १९४८ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी संरक्षण खात्याचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. आमच्या टेबलांची आणि आमच्या पगारपत्रकांची मुळं तिथपर्यंत जातात.

आता प्रत्यक्ष नोकरी. कामाचा मोठा भाग लढाईचा नव्हताच. नकाशांवरची उंची चौकोनाचौकोनात भरायची. वाळूत ट्रक किती वेगाने जातो, भिजलेल्या काळ्या मातीत किती, हे कोणाकोणाला विचारून तक्ते बनवायचे. गोळीबाराच्या चाचण्यांचे जुने कागद चाळायचे. एकदा दोन महिने मी फक्त बाभळीच्या झाडीआडून किती दूरचं दिसतं यावर घालवले. बाभूळ मला गावापासून ठाऊक, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं असावं.

मॉडेल दाखवायला फौजेची माणसं यायची. वरिष्ठांना उत्तर हवं असे. ‘मॅडम, दोनशे अकरा, सत्तर, एकोणीस हे सगळं ठीक आहे. आम्हाला एकच आकडा सांगा.’ एक आकडा नसतो, पसारा असतो, आणि तुमचा धोका पसाऱ्याच्या शेपटीत बसलेला असतो, हे मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा सांगितलं. क्वचित याहून अवघड मागणी यायची. प्रत्येक रनला एक ‘सीड’ असतं. बीज. त्यावरून सगळी दानं ठरतात. ‘ते जरा दुसरं लावून बघा ना’ असं हसत हसत सुचवलं जायचं. हसत सुचवलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार कठीण. मी म्हणायची, ‘तीनशे लावलीत, साहेब. कोणतं आवडलं नाही ते सांगा.’ एकदोघं खरंच हसले. एकाने वर तक्रार केली.

हा आजार आपला एकट्याचा नाही. अमेरिकेने २००२ मध्ये मिलेनियम चॅलेंज नावाचा प्रचंड सराव घेतला. लाल बाजूला निवृत्त जनरल व्हॅन रायपर होते. वायरलेस ऐकला जाईल म्हणून त्यांनी निरोप मोटारसायकलवरून धाडले आणि सुरुवातीलाच निळ्यांची सोळा जहाजं बुडवली. मग काय, पंचांनी ती जहाजं परत तरंगवली, लालांवर बंधनं घातली आणि सराव पुढे चालू. व्हॅन रायपर बाहेर पडले. ते वाचताना मला आपल्याकडचा तो खेळ आठवला ज्यात बॅट ज्याची असते तो कधीच आउट नसतो.

पण सगळ्यात मोठा धडा मला मराठा पलटणीतल्या एका सुभेदारांनी दिला. साताऱ्याकडचे. साहेबांबरोबर आले होते, मागे भिंतीला टेकून उभे. दोन तास पडद्यावर निळे चौकोन वाळवंटातून पुढे सरकत होते. चहाच्या वेळी माझी पाटी वाचून ते जवळ आले. ‘ताई, नाशिकच्या का?’ मग गावं, पाहुणे, सगळं झालं. जाता जाता म्हणाले, ‘एक इचारू? तुमची मान्सं पाणी कवा पित्यात?’

पीतच नव्हती. आमच्या मॉडेलमध्ये डिझेल होतं, गोळे होते, सुटे भाग होते. पाणी नव्हतं. उन्हाळ्याच्या वाळवंटात हजारो माणसं चार दिवस न पिता, न झोपता लढत होती, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही सगळेच टेबलावर पाण्याची बाटली ठेवून काम करणारे. पाण्याचे टँकर मॉडेलमध्ये घातल्यावर आगेकूच मंदावली, रस्ते तुंबले, आणि दोनशे अकराचे पुष्कळ कमी झाले. किती, ते सांगत नाही. सुभेदारसाहेबांचं नाव अहवालात कुठे आलं नाही. मी ‘वापरकर्त्यांच्या सूचनेनुसार’ असं लिहिलं होतं.

भीतीचं तर काय सांगावं. अशा मॉडेलांत सर्रास एक नियम असतो: तुकडीतले अमुक टक्के पडले की तुकडी मोडली. हा टक्का कुठून आला म्हणून शोधत गेलं की एक अहवाल दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. अमेरिकेच्या डोरोथी क्लार्क या बाईंनी १९५४ मध्येच खऱ्या पलटणींच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की असा एकच टक्का निघत नाही. कोणी थोडक्यात मोडतात, कोणी निम्मे पडले तरी जागा सोडत नाहीत. तरी टक्का टिकून आहे. प्रोग्रॅमला ओळ लागते, आणि ओळीत काहीतरी आकडा लिहावाच लागतो.

आता एका गावाची गोष्ट.

तोफखान्यात कोन अंशांत मोजत नाहीत, मिल्समध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल्स. सोय अशी, की एका किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर, त्यामुळे तोंडी हिशेब होतो. पण सोव्हिएत पद्धतीत त्याच वर्तुळाचे ६००० भाग करतात. माझ्याकडे दोन तक्ते आले होते, एक या पद्धतीचा, एक त्या. रकान्याचं नाव दोन्हींत एकच. मी ते जोडले. आठशे हा आकडा एकात पंचेचाळीस अंश, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस. तीन अंशांचा फरक. पंधरा किलोमीटरवर तीन अंश म्हणजे जवळजवळ आठशे मीटर.

तीन आठवडे रोज रात्री सव्वाअकराला निळ्यांच्या तोफा सुरू होत होत्या, आणि लालांचं काही म्हणजे काही बिघडत नव्हतं. शेवटी एके दुपारी मी गोळे पडल्याच्या जागा काढून ट्रेसिंग पेपरवर ठिपके दिले आणि तो कागद पन्नास हजारी नकाशावर ठेवला. सगळे ठिपके एका जागी गोळा झाले होते. कागद उचलून खाली पाहिलं. लाल रंगाचे बारीक चौकोन, वीसेक असतील. घरं. एक निळं वर्तुळ, विहीर. एक देवळाची खूण. देवळापासून विहिरीकडे जाणारी तुटक रेघ, म्हणजे पायवाट.

तीन आठवडे, रोज तीनशे वेळा, मी त्या गावावर तोफा डागत होते. आणि गठ्ठ्यावर त्याची नोंद काय होती? निळ्यांची हानी अमुक, लालांची हानी जवळजवळ शून्य. बस. गावात कोणी मेलं नव्हतं, कारण गावात कोणी राहतच नव्हतं. आमच्या मॉडेलमध्ये जमिनीला उंची होती, मातीला प्रकार होता, बाभळीला घनता होती. माणूस म्हणजे निळा किंवा लाल. तिसरा रंगच नव्हता.

चूक दुरुस्त करायला एक ओळ लागली. गुणिले ६४००, भागिले ६०००. गोळे जागेवर पडायला लागले, साहेब खूश झाले. नोंदवहीत मी लिहिलं: ‘कोनाचे एकक दुरुस्त केले. परिणाम: लालांच्या हानीत वाढ.’ गावाबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहिणार होते? कोणाचं नुकसान झालं नव्हतं. सगळं कागदावरचं. घरी जाऊन भाजी फोडणीला टाकली आणि मग लक्षात आलं की मी मघापासून आजीचा आवाज ऐकतेय.

आजी गोळे मोजायची. गुरांपाशी बसून, हातातल्या काठीने मातीत रेघा मारत. लांबून तोफेचा आवाज आला की एक रेघ वर. मग रानात गोळा फुटल्याचा दणका आला की तिच्याखाली दुसरी. मला वाटायचं वेळ घालवतेय. एकदा म्हणाली, ‘सोळा सुटले, पंधराच फुटले. उद्या तिकडच्या अंगाला गुरं न्यायची नाहीत.’ मी विचारलं, सोळावा कुठे गेला? ‘तेच तर ठाव नाही. म्हणून न्यायची नाहीत.’

वाल्डचं नाव तिने ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही.

यापुढे मी एखादी छानशी गोष्ट सांगावी, की मग मी मॉडेलमध्ये गावकऱ्यांचा रकाना घातला आणि सगळं सुधारलं. तसं झालं नाही. बोलून पाहिलं, उत्तर मिळालं, ‘ते आपल्या विषयाच्या बाहेर आहे.’ मी वाद घातला नाही. आणि पुढे जसजशी वाचत गेले तसतसं त्या रकान्याबद्दलही मन साफ राहिलं नाही.

कारण गावकरी मोजल्याचं एक उदाहरण होतं. चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार लिंडेमन, लॉर्ड चेरवेल, याने ३० मार्च १९४२ ला एक टिपण दिलं. इंग्लंडमधल्या शहरांवर जर्मन बाँब पडले तेव्हा किती टनांत किती घरं पडली, हे पाहणीतून हाती आलं होतं. त्याने त्रैराशिक मांडलं. जर्मनीत एक लाखावर वस्तीची अठ्ठावन्न शहरं, त्यांत दोन कोटी वीस लाख माणसं. इतकी विमानं, इतके बाँब, म्हणजे जर्मनीतली एकतृतीयांश माणसं घराबाहेर काढता येतील. त्यासाठी शब्दही घडवलेला होता, ‘डीहाउसिंग’. काय स्वच्छ शब्द आहे. भांडी घासून ठेवल्यासारखा. त्या टिपणात गावकऱ्यांचा रकाना होता, नीट भरलेला होता, आणि तो जितका वाढेल तितकं यश.

ब्लॅकेट आणि सरकारचा आणखी एक वैज्ञानिक सल्लागार टिझार्ड या दोघांनी त्याला विरोध केला. कागदावरचा विरोध आकड्याला होता. टिझार्ड म्हणाला, अंदाज पाचपट जास्त आहे. ब्लॅकेट म्हणाला, सहापट. त्यांचं कोणी ऐकलं नाही. युद्धानंतर मोजलं तेव्हा तो दहापट निघाला. आपलं साधं अंकगणित लोकांच्या गळी उतरवता आलं असतं तर निर्णय बदलला असता का, ही टोचणी ब्लॅकेटला उरली. त्याने ती पुढे लिहिली आहे. मी ते वाचून बराच वेळ विचार करत होते, की आकडा बरोबर निघाला असता तर? खरंच एकतृतीयांश निघाले असते, तर ब्लॅकेटने कोणत्या रकान्यावर बोट ठेवलं असतं? अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मृतदेह मोजून प्रगती मापली, तिथेही रकाना होताच. रकाना होता म्हणून तो भरला गेला, आणि भरायला माणसं लागली.

पानिपताची ती सावकाराची चिठ्ठी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चिल्लर-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. लहानपणी मला तिच्यातली हुशारी आवडायची, सांकेतिक भाषा म्हणून. नोकरीत आल्यावर ती मी हानीचा तक्ता म्हणून वाचायला लागले. मोती हा एक वर्ग. मोहरा दुसरा. शिपाई म्हणजे खुर्दा, तिसरा, आणि त्याच्यापुढे आकड्याऐवजी कबुली. पण भाऊंच्या फौजेबरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते, बायका होत्या, तट्टूवाले, वाणी, स्वयंपाकी होते. ते मोत्यांत नाहीत, मोहरांत नाहीत, खुर्द्यातही नाहीत. तरी ‘गणती नाही’ हे दोन शब्द कुठल्याही सरकारी तक्त्यातल्या शून्यापेक्षा मला बरे वाटतात. माझ्या गठ्ठ्यावर त्या गावापुढे शून्यही नव्हतं.

निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी नवं मॉडेल आलं. आता रात्रीची वाट बघावी लागत नव्हती, हजार युद्धं चहा निवेपर्यंत उरकत. नागपूरचा एक तरुण सहकारी होता, हुशार आणि थोडा उद्धट. त्याने कोणाला न विचारता नकाशावरच्या प्रत्येक वस्तीला जनगणनेतली लोकसंख्या जोडली आणि तक्त्याच्या शेवटी एक रकाना वाढवला. मला दाखवायला आला. मी त्याला लिंडेमनची गोष्ट सांगितली, सगळी. म्हटलं, ‘हा रकाना वाचणाऱ्याने तो कमी करायचा की वाढवायचा, हे तू कुठे लिहिलंयस?’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘मॅडम, नाही लिहिलं तर तुम्हीच वीस वर्षांनी म्हणाल, याने गाव सोडलं.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रकाना राहिला. शेवटच्या पानावर, अगदी खाली. बैठकांमध्ये तिथपर्यंत पान उलटलं जाताना मी दोनदा पाहिलं.

आता मी गावी असते, जुन्या घरात. मधे वस्ती वाढलीय, हायवेचा आवाज येतो, गुरं कोणाकडे फारशी राहिली नाहीत. पितळेची भांडी मी मोडीत घातली नाहीत, त्याच फळीवर आहेत. काल सकाळी दहाला ती वाजायला लागली. मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने रेघा मारत बसले. वरची ओळ बाराची झाली. खालची अकरावर आली, आणि तेवढ्यात दारावरून उसाची ट्रॉली गेली, गाणी लावून. ती वळणापलीकडे जाईपर्यंत काहीच ऐकू आलं नाही.